हळद, गाळ आणि द्राक्षं : सांगलीत लहान मुलांसोबत विज्ञान करून बघताना

"मुलांना घरी काहीतरी विज्ञानाचं करायला द्यायचंय, सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न मला आया विचारतात, बालवाडीच्या ताई विचारतात आणि सुट्टीत नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबाही विचारतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मुलं चार ते सात वर्षांची धरली आहेत. सामान सगळं आपल्या सांगलीतलं, म्हणजे किराणा दुकानातलं, अंगणातलं, शेतातलं. विकतचं किट लागत नाही.

कृती निवडताना मी एकच प्रश्न विचारते: यातली एक गोष्ट स्वतः बदलून मुलाला हे पुन्हा करता येईल का? येत असेल तर कृती घ्यायची, नाहीतर सोडायची. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा 'ज्वालामुखी' सगळीकडे करतात. फसफसून वर येतो, टाळ्या वाजतात, संपतं. मोठ्यांनी ओतायचं आणि मुलांनी बघायचं, असा तो मामला. मी तो करत नाही. मुलाच्या हातात वाटी असायला हवी आणि पुढचा थेंब कशाचा टाकायचा हे त्यानंच ठरवायला हवं.

दुसरी गोष्ट, एका वेळी एकच कृती. मी रविवारी अंगणात मुलं जमवायला लागले तेव्हा पहिल्या दिवशी दोन तासांत आठ कृती मांडल्या होत्या. बारा मुलं आणि मी एकटी. कुणाचंच काही धड झालं नाही, दोघं रडत घरी गेली. त्याच दिवशी एक मुलगा मात्र कोपऱ्यातल्या बादलीपाशी बसून पिंपळाची पानं पाण्यात ढकलत होता. हिरवं पान तरंगतं का, सुकलेलं तरंगतं का, पानावर खडा ठेवला तर काय होतं, असं त्याचं तासभर चाललं होतं. मी मांडलेल्या आठांत ती बादली नव्हतीच. तेव्हापासून माझं ठरलेलं आहे: चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस, एक कृती आणि चाळीस मिनिटं. त्यापुढे मुलं रमली तर रमू द्यायची.

हळदीचा कागद

सुरुवात इथून करा. हळदीच्या बाजारपेठेचं आपलं गाव, आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हळद पहिली घेण्याचं खरं कारण वेगळं आहे. या कृतीत मुलाला लगेच काहीतरी घडताना दिसतं आणि ते उलटवताही येतं.

लागेल ते असं: हळद, ड्रॉइंगचा जाड कागद (गुळगुळीत चकचकीत नको), कापूस, सहा-सात वाट्या, कान कोरायच्या कापसाच्या काड्या. जमिनीवर गोणपाट अंथरा आणि मुलांना जुने कपडे घालायला सांगा, कारण हळद लागणारच.

१. वाटीत दोन चमचे हळद घेऊन त्यात थोडं थोडं पाणी घाला आणि सरबरीत कालवा. हळदीतला पिवळा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, स्पिरिटमध्ये छान विरघळतो. त्यामुळे कालवताना दोन चमचे सॅनिटायझर घातलं तर कागद गडद होतो. ते मोठ्यांनी घालायचं आणि गॅसपासून लांब.

२. मुलांनी कापसाच्या बोळ्यानं ते कागदावर फासायचं. दोन्ही बाजूंनी नको, एकच बाजू पुरे.

३. कागद सावलीत वाळवा. उन्हात ठेवला तर रंग उडतो. हळदीचा डाग पडलेली ओढणी धुऊन उन्हात टाकली की डाग फिका होतो, तेच इथे होतं.

४. वाळल्यावर वरची भुकटी झटका आणि दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापा. मुलांना कात्री चालवता येत असेल तर त्यांनाच कापू द्या, वाकडी कापली तरी चालते.

५. वाट्यांत साधं पाणी, लिंबाचा रस, चिंचेचा कोळ, ताकाची निवळ, खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि धुण्याच्या वडीचं पाणी ठेवा. चुलीची राख मिळाली तर ती पाण्यात कालवून वरचं निवळलेलं पाणी सातव्या वाटीत घ्या. हे पाणी थोडं झोंबतं, म्हणून काडीनंच घ्यायचं, बोट बुडवायचं नाही.

आता मुलाला काडी द्या आणि विचारा, "कशात बुडवशील?" त्यापुढे काही बोलू नका.

लिंबू, चिंच, ताक यांनी कागद पिवळाच राहतो. साबणाचं पाणी आणि राखेचं पाणी लागलं की ठिपका तांबडा होतो. सोड्याच्या पाण्यानं नारिंगी-तांबूस होतो, तितका गडद नाही. आणि त्या तांबड्या ठिपक्यावर कुणीतरी लिंबाचा थेंब टाकलाच की तो पुन्हा पिवळा होतो.

पाच वर्षांची एक मुलगी या जागी थांबली होती. साबण, तांबडा. लिंबू, पिवळा. पुन्हा साबण. एकाच ठिपक्यावर तिनं हे इतक्या वेळा केलं की कागदाला भोक पडलं. मग नवी पट्टी घेतली आणि मला विचारलं, "एका साबणाला किती लिंबू पुरतं?" मी म्हटलं, "मोज की." तिनं काडीचे थेंब मोजायला सुरुवात केली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ल (लिंबासारखं) आणि अल्क (साबणासारखं) यांचं टायट्रेशन करतात, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. तिला तो शब्द मी सांगितला नाही, गरजही नव्हती.

मोठ्यांसाठी थोडं कारण. हळदीतल्या पिवळ्या द्रव्याला कर्क्युमिन म्हणतात. अल्कधर्मी पदार्थ भेटला की त्याच्या रेणूची रचना बदलते आणि ते तांबडं दिसतं. आम्ल घातलं की रचना पूर्ववत होते. हळदीला चुना लावून लाल कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. ही कुंकवाची गोष्ट मुलांना जरूर सांगा, पण ठिपके करून झाल्यावर. आधी सांगितलीत तर बघायला काही उरत नाही. आणि चुना किंवा धुण्याचा सोडा मुलांच्या हातात कधीही देऊ नका. डोळ्यात गेला तर इजा होते. दाखवायचाच असेल तर कणभर चुना तुम्ही स्वतः लावा.

रंग बदललाच नाही, अशी तक्रार बऱ्याचदा येते. बहुतेक वेळा फेसवॉश किंवा बाळाचा शाम्पू वापरलेला असतो. ते त्वचेसाठी सौम्य केलेले असतात, अल्क फारसं नसतं, म्हणून हळद ढिम्म राहते. धुण्याच्या वडीचा तुकडा घ्या. खरं तर तुमच्याकडे असं झालं तर फारच छान: घरातले सगळे साबण एका ओळीत मांडा आणि कोणता साबण कागद किती तांबडा करतो ते मुलांना लावू द्या.

हळदीला आंबट ओळखता येत नाही, हे मुलांच्या लवकरच लक्षात येतं, कारण लिंबू आणि साधं पाणी दोन्हींना कागद पिवळाच. तेव्हा गोकर्णाची निळी फुलं आणा. पाच-सहा फुलं गरम पाण्यात टाकली की निळं पाणी होतं. त्यात लिंबू पिळलं तर जांभळट गुलाबी, सोडा टाकला तर हिरवट. कुंपणावर गोकर्ण नसेल अशी आळी आपल्याकडे विरळाच.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ओल्या हळदीचा एक डोळा फुटलेला कंद कुंडीत लावून ठेवा. पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत पानं पिवळी पडून वाळली की कुंडी मुलांकडून उपसून घ्या. ओलं कंद मोडल्यावर आतला नारिंगी रंग बघताना त्यांचे चेहरे बघा.

गाळाची बाटली

पावसाळ्यात करायची ही कृती. लागतात झाकणाच्या तीन पारदर्शक बाटल्या आणि तीन प्रकारची माती: नदीकाठचा गाळ, शेतातली काळी आणि जतकडची मुरमाड. कुणी पाहुणा जत, आटपाडीकडून येणार असेल तर त्याला पिशवीभर आणायला सांगा. नदीकाठची माती मोठ्यांनीच आणायची. पावसाळ्यात लहान मुलांना घाटावर नेऊ नका. पाण्याचा भरवसा नसतो आणि कृष्णेत मगरी आहेत, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.

माती आधी हातात घेऊ द्या. चिमूटभर ओली माती अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळली की वाळू खरखरीत लागते, पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक माती, पिठासारखा मऊ लागतो आणि चिकणमाती बोटाला धरून राहते. मग तळहातावर वळी करायला सांगा. वळी होते का? तिचं कडं केलं तर तुटतं का? काळीचं कडं होतं, मुरमाची वळीसुद्धा होत नाही. या दोन मिनिटांच्या चाचणीवरून शेतकरी माणूसही जमिनीचा अंदाज बांधतो.

मग प्रत्येक बाटली एक तृतीयांश मातीनं भरा, चार बोटं जागा सोडून पाणी घाला, झाकण घट्ट लावा आणि वीस मोजेपर्यंत मुलांनी जोरात हलवायची. खिडकीत ठेवली की हात लावायचा नाही. हा नियम मुलांना जड जातो, म्हणून त्यांना काम द्या. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून प्रत्येक थर कुठपर्यंत आला तिथे स्केचपेननं रेघ मारायची: ठेवल्याबरोबर एक, खाऊ खाल्ल्यावर एक, संध्याकाळी एक आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावर एक.

वाळू मिनिटभरात तळाला बसते. पोयट्याला काही तास लागतात. चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की काळ्या मातीच्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच दिसतं. पानं, काड्या, मुळं वर तरंगतात. मुरमाच्या बाटलीत खालचा थर जाड आणि पाणी लवकर नितळ. मूल रेघा मोजायला लागलं की समजा, जमलं.

आता एक गोष्ट बदलायची. काळ्या मातीची आणखी एक बाटली करा, हलवण्याआधी तिच्यात चिमूटभर तुरटीची पूड टाका आणि पहिलीच्या शेजारी ठेवा. तुरटीमुळे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि लवकर खाली बसतात. पुराच्या दिवसांत आजी घागरीत तुरटी का फिरवायची, ते दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की दिसतं.

पुराचा विषय इथे निघतोच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्यानंतर घराघरांत जो निसरडा, लोण्यासारखा चिखल राहिला तो काढताना आपली किती दमछाक झाली, हे मुलांनी ऐकलेलं असतं. तो चिखल इतका बारीक का होता, याचं उत्तर या बाटलीत आहे. वाहत्या पाण्यात वाळूसुद्धा पुढे ढकलली जाते. पाणी घरात शिरून दिवसचे दिवस थांबलं, तेव्हा सगळ्यात बारीक कण निवांत खाली बसले. घाबरलेल्या मुलाला पुराबद्दल बोलायला ही बाटली मदत करते, असा माझा अनुभव आहे. पण विषय आपण काढायचा नाही, मुलानं काढला तर टाळायचा नाही.

उरलेल्या काळ्या मातीचे बेंदराला बैल करा. आषाढात आपल्याकडे घरोघरी मातीचे बैल पुजतात, तेव्हा हे आयतं जमतं. फक्त प्रत्येक मुलाला तीन बैल करू द्या: एक नुसत्या काळ्या मातीचा, एक थोडी बारीक वाळू मिसळून, एक कापसाचे तुकडे किंवा बारीक कुटलेला भुस्सा मळून. सावलीत वाळू द्या. काळी माती वाळताना आकसते, म्हणून पहिल्या बैलाला भेगा जास्त पडतात आणि शिंगं तर हमखास गळतात. धागे मळलेला बैल टिकतो. भिंत लिंपायच्या मातीत भुस्सा का घालत, हे घरातल्या वयस्कर माणसाला मुलांनी विचारावं. त्यांना सांगायला आवडतं.

द्राक्षं आणि करवंटीचा तराजू

फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत करायचं हे काम आठवडाभर चालतं. आधी तराजू. कपड्याच्या हँगरच्या दोन टोकांना सुतळीनं दोन करवंट्या बांधा आणि हँगर दाराच्या कडीला अडकवा. एका बाजूला कल असेल तर वरच्या टोकाला थोडी ओली माती लावून समतोल करा. हे मुलांकडूनच करून घ्या, अर्धा तास जाईल पण जाऊ द्या. वजनं म्हणून चिंचोके.

वीस-वीस द्राक्षांचे तीन वाटे करा. एक वाटा अख्खा. दुसरा मोठ्यांनी उकळत्या पाण्यात अर्धं मिनिट बुडवून काढायचा. तिसऱ्या वाट्यातली द्राक्षं मधोमध चिरायची. प्रत्येक वाटा तराजूत घालून चिंचोके मोजा आणि भिंतीवरच्या कागदावर तितक्या रेघा ओढा. वीस द्राक्षांना शंभरेक चिंचोके लागतात. मग तीन ताटल्यांत पसरून, जुन्या ओढणीनं झाकून, गच्चीवर सावलीत पण वाऱ्यात ठेवा. रोज संध्याकाळी वजन.

चिरलेली झपाट्यानं हलकी होतात. उकळत्या पाण्यातून काढलेली त्यांच्या मागोमाग. अख्खी मात्र आठवडा झाला तरी बरीचशी टपोरीच. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, बोटानं पुसली जाणारी पांढुरकी लव असते ना, तोच. तो पाणी आत धरून ठेवतो. तासगाव भागात बेदाणा करताना शेडवर टाकण्याआधी द्राक्षं डिपिंगच्या द्रावणात बुडवतात ती याचसाठी, म्हणजे त्या थरातून पाणी लवकर बाहेर पडावं. ओळखीच्या कुणाची बेदाण्याची शेड असेल तर आठवड्यानंतर मुलांना नक्की घेऊन जा, आधी नाही. आधी नेलंत तर ती नुसती सहल होते. स्वतः वजनं केलेली मुलं तिथे जाऊन "हे कशात बुडवलं?" असं विचारतात. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. म्हणजे शंभर चिंचोक्यांचे शेवटी पंचवीसच्या आसपास उरायला हवेत. तुमच्या ताटलीत किती उरतात, ते मोजा.

अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकतं. पाच वर्षांखालच्यांना खायला द्यायचं तर उभं चिरूनच. चिंचोक्यांवरही लक्ष ठेवा, नाकात-कानात जातात.

बेदाणे उरले तर एक झटपट गंमत: ग्लासात बाटलीतला साधा सोडा (प्यायचा, बुडबुड्यांचा) ओतून त्यात चार-पाच बेदाणे टाका. सुरकुत्यांत बुडबुडे अडकतात, बेदाणा वर येतो, वर येऊन बुडबुडे फुटले की खाली जातो. इथेही बदलायला वाव आहे. शेंगदाणा टाकून बघा, मसूर टाकून बघा, गुळगुळीत मणी टाकून बघा.

थोड्या वेळात होणारं

ज्वारीच्या चिपाडांची गाडी किंवा चष्मा करणं आपल्या आजोबांना येतं, त्यांनाच शिकवायला बसवा. चिपाडाची साल सोलायचं काम मात्र मोठ्यांचं, तिची कड ब्लेडसारखी कापते. आंब्याची रुजलेली कोय दगडावर घासून पुंगी करायची तर जून-जुलै. जास्त घासली तर आवाज बदलतो का, हे मुलांना शोधू द्या. मिरज जवळ आहे. तंतुवाद्य करणाऱ्यांच्या गल्लीत सतारीचा भोपळा बघायला मिळाला तर त्याआधी घरी पत्र्याच्या डब्यावर रबर ताणून वाजवून ठेवा.

आपण काय बोलायचं

सर्वांत अवघड काम हेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, खडे, बिया आणि पानं वापरली. साधन आसपासचं असलं की मुलाला त्याची भीती वाटत नाही, ते खराब झालं तर मोठं माणूस रागावत नाही. ते ही माणसं ऐंशी वर्षांपूर्वी करून गेली. आपल्याला फक्त तोंड आवरायचं आहे.

मी तीन वाक्यांवर भागवते. आधी: "काय होईल असं वाटतं?" होताना: काहीच नाही. नंतर: "आता काय बदलून बघूया?" मुलाचा अंदाज चुकला तर "चूक" म्हणू नका, दुरुस्तही करू नका. "तुला वाटलं होतं तांबडं होईल आणि झालं पिवळं" इतकंच जसं घडलं तसं सांगा. "का?" असं मुलानं विचारलं आणि तुम्हाला माहीत नसेल तर तसं सांगून दोघं मिळून आणखी एकदा करून बघा. 'छान', 'शाब्बास' हेही मी कमी केलं. शाब्बासकी मिळाली की मूल वाटीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागतं.

एक वही ठेवा. मूल लिहू शकत नसेल तर चित्र काढेल, हळदीची पट्टी चिकटवेल, चिंचोक्यांच्या रेघा ओढेल. तारीख तुम्ही घाला. आणि आवरताना बाटल्या ओतून टाकू नका, खिडकीत राहू द्या. आमच्याकडे काळ्या मातीची एक बाटली मागच्या श्रावणापासून आहे. पाणी केव्हाच नितळ झालंय, पण अंगणात येणारं प्रत्येक नवं मूल आधी तिच्यापाशी जातं, झाकण घट्ट आहे का बघतं आणि मग माझ्याकडे वळून विचारतं, "हलवू?"